टॉवेलचा भाव नक्की कोण ठरवतं?

पत्र

मॅडम, मी बीबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. सोलापूरच्या पूर्व भागात आमची लहान शेड आहे. आठ लूम, टेरी टॉवेल. घरी तेलुगू, शाळा मराठी, आणि आता पुस्तक इंग्रजी. सूक्ष्म अर्थशास्त्राच्या आकृत्या मला येतात, पण ‘पुढील प्रसंगाचे विश्लेषण करा’ असा प्रश्न आला की हात थांबतो.

त्यातून घरी भांडण झालंय. सध्या धंदा मंद आहे, दोन लूम बंदच असतात. आठवड्याला १,२०० नग जातात, दीडशे रुपयांनी. मी नानांना म्हणालो, १३५ करा, खप वाढेल. ते म्हणाले, खर्चच १४० आहे, अक्कल आहे का तुला? मी हिशेब काढला. सूत, डाइंग, मजुरी, शिलाई, पॅकिंग धरून नगाला १२०. शेडचं भाडं, बँकेचा हप्ता, मुकादमाचा पगार मिळून आठवड्याला २४,०००, म्हणजे नगाला २० आणखी. नंतर हैदराबादच्या एका व्यापाऱ्याने ३०० नग १३० ने मागितले. तेही नानांनी नाकारलं. लूम रिकामे असताना!

पुस्तक म्हणतं, किंमत मागणी आणि पुरवठा ठरवतात. नाना म्हणतात, खर्च अधिक नफा म्हणजे किंमत. वर्गातला मित्र बार्शीकडचा आहे, त्यांच्या घरी कांदा असतो. तो म्हणतो, भाव सरकार ठरवतं, आपण फक्त बघत बसायचं. तिघांत खरं कोण? परीक्षा पंधरा दिवसांवर आहे.

गोंधळलेला, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर

नानांवर रागावू नकोस. तुमच्या घरातलं भांडण दोनशे वर्षांचं जुनं आहे. रिकार्डो हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ १८१७ साली जे सांगत होते ते ढोबळमानाने नानांचंच म्हणणं: वस्तू तयार करायला जे लागतं त्यावर तिचं मोल. १८७१ मध्ये जेव्हन्स आले आणि म्हणाले, छे, घेणाऱ्याला तिचा उपयोग किती, त्यावर मोल. ही तुझी बाजू. पुढे १८९० मध्ये आल्फ्रेड मार्शल यांनी दोघांची समजूत घातली. कात्रीचं वरचं पातं कागद कापतं की खालचं, असं विचारण्यापैकीच हा वाद आहे, असं त्यांचं म्हणणं. कात्रीचा दाखला सगळी मुलं उत्तरपत्रिकेत लिहितात. त्याच्या पुढचा भाग मात्र गाळतात, आणि तुझं उत्तर नेमकं तिथं आहे. मार्शल म्हणतात, काळ जितका थोडा तितका किंमतीवर मागणीचा जोर जास्त. काळ जितका लांब तितका खर्चाचा जोर वाढत जातो.

तेव्हा ‘किंमत कोण ठरवतं’ हे विचारण्याआधी विकणारा कसल्या बाजारात उभा आहे आणि हिशेब किती दिवसांचा चाललाय, हे विचारायचं. तुम्ही तिघं तीन वेगळ्या बाजारांत उभे राहून एकमेकांशी भांडताय.

आधी मित्राकडे जाऊ, कारण त्याचं प्रकरण सगळ्यात उघडंवाघडं आहे. हैदराबाद रस्त्यावरच्या मार्केट यार्डात लिलाव सुरू होतो तेव्हा जेवढा कांदा आवारात आला आहे, तेवढाच त्या दिवसाचा पुरवठा. भाव चांगला लागला म्हणून दुपारपर्यंत नवा कांदा उगवत नाही, आणि पडला म्हणून आलेला कांदा नाहीसा होत नाही. पुरवठ्याची रेषा सरळ उभी. मग कात्रीचं एकच पातं हलतं, मागणीचं. तुला एकरी खर्च किती आला, हे तिथं कुणी विचारत नाही.

फेब्रुवारी २०२३ मधली बातमी तुला आठवत असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या यार्डात आणला. किलोला १ रुपया भाव लागला, आणि गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात आले २ रुपये ४९ पैसे. वर्गात हे सांगितलं की कुणीतरी विचारायचंच, मग त्याने विकला कशाला? प्रश्न चांगला आहे. लागवड, खत, काढणी यांचे पैसे तोवर गेलेले होते. विकला काय नि न विकला काय, ते परत येणार नव्हते. याला बुडीत खर्च म्हणतात, आणि निर्णय घेताना तो मोजायचा नसतो. मोजायचा तो फक्त पुढचा खर्च. माल शेतात असेपर्यंत प्रश्न असा: गाडीभाडं, हमाली आणि तोलाईत जे जाईल त्याहून जास्त हातात येईल का? येणार नसेल तर कांद्यावर रोटर फिरवलेला बरा. पण खरा भाव कळतो यार्डात आल्यावर. तोवर गाडीभाडंही बुडालेलं असतं, आणि माल घरी न्यायचा तर परतीचं भाडं वेगळं. म्हणून एक रुपयाही घ्यावा लागतो.

तुझ्या पुस्तकात एक कोरडा नियम आहे: किंमत सरासरी बदलत्या खर्चाच्या खाली गेली तर उत्पादन थांबवावे. तो नियम म्हणजे हीच गोष्ट. फक्त बदलता खर्च म्हणजे कोणता, हे तुम्ही कुठल्या टप्प्यावर उभे आहात त्यावर बदलत जातं. शेतात गाडीभाडं बदलतं असतं, यार्डात ते बुडीत होतं.

आणि हाच यार्ड डिसेंबर २०१९ मध्ये बघायला हवा होता. अवकाळी पावसाने खरिपाचा कांदा सडला होता आणि इथे मोजक्या चांगल्या मालाला क्विंटलमागे २०,००० रुपयांपर्यंत भाव गेला. किलोला दोनशे! एका टोकाला दोनशे, दुसऱ्या टोकाला एक. पीक काही दोनशेपट वाढलं नव्हतं. मग भाव इतका का झोके खातो? लवचिकता कमी, म्हणजे भाव हलला तरी मागणी नि पुरवठा फारसे हलत नाहीत. घरात भाजीला रोज दोन कांदे लागत असतील तर महाग झाल्यावर बाई एकावर भागवते, शून्यावर नाही. आणि मातीमोल झाला म्हणून कुणी रोज सहा कांदे खात नाही. मागणी ताठ, त्या दिवसाचा पुरवठाही ताठ. दोन ताठ रेषांपैकी एक जरा सरकली की छेदबिंदू लांब उडी मारतो. त्यात यंदा भाव मिळाला की पुढच्या हंगामात जो तो कांदा लावतो, आणि भाव पडला की जो तो सोडतो. कॅल्डॉर यांनी १९३४ मध्ये या फेऱ्याला कोळ्याच्या जाळ्याचं नाव दिलं, कारण आकृती तशीच दिसते. ती एकदा स्वतः काढून बघ, मजा येते.

मित्र सरकारचं नाव घेतो त्यात निम्मं तथ्य आहे. ८ डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत केंद्राने कांद्याची निर्यात बंद ठेवली. सरकारने भाव लिहून दिला नाही, पण परदेशी गिऱ्हाइकाला दार लावलं. मागणीची रेषा डावीकडे सरकली, भाव उतरला. उसाचं वेगळं. तिथे सरकार खरोखर आकडा जाहीर करतं: २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये. त्याखाली कारखान्याने द्यायचं नाही. याला किंमतीचा तळ म्हण. कांदा आणि ऊस एकाच जिल्ह्यात, कधी एकाच बांधाच्या दोन बाजूंना, आणि दोन्हींच्या किंमतीची जडणघडण निराळी. मित्राला ‘सरकार ठरवतं’ एवढ्यावर सोडू नकोस. विचार, रेषा सरकवतं की तळ बांधतं?

आता तुमच्या शेडमध्ये येऊ.

नानांचा टॉवेल म्हणजे कांदा नव्हे. यार्डात शेतकरी भाव ऐकतो. नाना स्वतः दीडशे सांगतात आणि व्यापारी घेतो. म्हणजे थोडी सत्ता हातात आहे. थोडीच, कारण उद्या दोनशे सांगितले तर व्यापारी चहा अर्धा ठेवून पलीकडच्या शेडमध्ये जाईल. ही थोडी सत्ता कशातून आली? किनार वेगळी, रंग जात नाही, वजनात खोट नाही, दिलेल्या तारखेला माल मिळतो, आणि मुख्य म्हणजे उधारी. अशा बाजाराला मक्तेदारीयुक्त स्पर्धा म्हणतात. १९३३ मध्ये अमेरिकेत चेंबरलिन आणि इंग्लंडात जोन रॉबिन्सन या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पूर्ण स्पर्धा आणि मक्तेदारी यांच्या मधल्या या पट्ट्याचं शास्त्र मांडलं. नवी पेठेतली चादरीची दुकानं, शेंगा चटणीवाले, तुमची शेड, सगळे याच पट्ट्यात.

नानांचं सूत्र आहे १४० अधिक १०. त्यांना एकदा शांतपणे विचार, दहाच का, तीस का नाही? ते म्हणतील, तीस कोण देणार? बघ, आली की नाही मागणी! नानांच्या नफ्याच्या आकड्यात गिऱ्हाइकाची ऐपत आणि शेजारच्या शेडचा भाव आधीच मुरलेला आहे. वीस वर्षं बाजारात उभं राहून त्यांनी तो अंदाजाने गाठला. पुस्तकी भाषेत त्यांना ते सांगता येत नाही, इतकंच.

पण सूत्रात एक खड्डा आहे, तो त्यांना दाखव. १४० मधले वीस रुपये स्थिर खर्चाचे, आणि ते वीस आहेत कारण नग १,२०० जातात. उद्या मंदीत ८०० च गेले तर तेच २४,००० कमी नगांवर पडतील. नगाला ३० होतील, खर्च १५०, आणि सूत्र म्हणेल किंमत १६० करा. धंदा पडला की भाव वाढवा! हे ऐकून व्यापारी हसेल. नाना असं कधी करणार नाहीत, कारण सूत्र तोंडाने म्हणत असले तरी ते चालतात बाजाराच्या अंदाजाने. तुझ्या परीक्षेत मात्र ‘खर्चाधिष्ठित किंमतनिश्चितीच्या मर्यादा’ असा प्रश्न आला तर हे उदाहरण आकड्यांसह लिही. तपासणारा डुलकी घेत असला तरी जागा होईल.

आता तुझी पाळी. १५० चे १३५ करा, खप वाढेल. वाढेल, पण किती वाढायला हवा ते तू मोजलं नाहीस. सध्याचा गल्ला १,८०,०००. भाव १३५ केला तर तेवढ्याच गल्ल्यासाठी साधारण १,३३३ नग लागतात, म्हणजे ११ टक्के वाढ पुरे. पुस्तकातला लवचिकतेचा नियम इथेच थांबतो आणि तू पण इथेच थांबलास. पण गल्ला म्हणजे नफा नव्हे. आज एका नगामागे बदलता खर्च वजा जाता ३० रुपये उरतात. १,२०० नगांचे ३६,०००. त्यातून स्थिर २४,००० गेले की आठवड्याला १२,००० राहतात. भाव १३५ केला की नगामागे उरतात फक्त १५. गल्ला तेवढाच ठेवून १,३३३ नग विकलेस तर उरतील सुमारे २०,०००, आणि हप्ता-भाड्यालाच चार हजार कमी पडतील. आजचे १२,००० टिकवायचे तर २,४०० नग विकावे लागतील. दुप्पट! सहा लूमवर १,२०० निघतात, म्हणजे आठही लूम चालवलेत तरी १,६०० च्या वर माल निघणारच नाही. दहा टक्के सूट देताना आपण किंमतीचे दहा टक्के सोडत नाही, नगामागच्या शिलकीचे पन्नास टक्के सोडतो. दुकानावर ‘सेल’चा बोर्ड लावणाऱ्या कित्येकांना हे वर्षअखेरीस कळतं.

शिवाय ‘सोलापूरच्या टॉवेलची मागणी’ आणि ‘नानांच्या टॉवेलची मागणी’ या दोन वेगळ्या रेषा आहेत. नानांची जास्त लवचिक, कारण पर्याय पुढच्या गल्लीत आहे. तू म्हणशील, मग भाव उतरवला तर सगळे आपल्याकडे येतील. आठवडाभर येतील. मग पलीकडची शेडही १३५ करेल, गिऱ्हाईक होतं तिथे जाईल, आणि पूर्व भागातल्या सगळ्यांची शिलक निम्मी झालेली असेल. व्यापाऱ्याची दिवाळी.

हैदराबादची ऑर्डर हा तुझ्या पत्रातला सगळ्यात सुंदर प्रश्न आहे. इथे तू बरोबर आहेस आणि नानाही बरोबर आहेत, आणि हे मी कुणाचं मन राखायला लिहीत नाही.

तुझी बाजू अशी: लूम रिकामे आहेत. भाडं, हप्ता, मुकादम हे या ऑर्डरने वाढत नाहीत. एका जादा नगाचा सीमांत खर्च १२०, मिळतात १३०. ३०० नगांवर ३,००० रुपये वरकड. नाना १४० शी तुलना करतात ती चूक, कारण त्यातले वीस रुपये ऑर्डर घेतली नाही तरी जाणारच आहेत. सीमांत विचार तो हाच, आणि तो तुला सुचला म्हणून मला बरं वाटलं.

नानांची बाजू, जी त्यांनी तुला सांगितली नाही, पण मी पैजेवर सांगते त्यांच्या मनात असणार: जुन्या व्यापाऱ्यांना कळलं तर? बाजारात बातमी सुतापेक्षा लवकर पोचते. १,२०० नग घेणारे सगळे म्हणाले की आम्हालाही १३० ने द्या, तर आठवड्याला २४,००० चा खड्डा, ३,००० च्या कमाईसाठी. म्हणजे या ऑर्डरचा खरा सीमांत महसूल १३० नाही. जुन्या गिऱ्हाइकाच्या भावावर होणारा परिणाम वजा केल्यावर जो उरेल तो. पुस्तकात मागणीच्या रेषेखालून सीमांत महसुलाची दुसरी रेषा जाते ना, ती खाली का असते हे मुलांना पाठ असतं, कळलेलं नसतं. एक नग जास्त विकायला भाव उतरवावा लागतो, आणि तो आधीच्या नगांवरही उतरतो. नानांच्या नकारात ती रेषा आहे.

मग काय करायचं? दोन बाजार खरोखर वेगळे आहेत का ते बघा. मूल्यभेद, म्हणजे एकाच मालाला दोन गिऱ्हाइकांकडून दोन भाव, जमायला एक अट असते: स्वस्तात घेणाऱ्याने तो माल महागात घेणाऱ्याच्या दारात नेऊन विकता कामा नये. हैदराबादवाला तो माल तिकडेच खपवणार असेल आणि तुमचे जुने व्यापारी तिकडे जात नसतील, तर भीती कमी. तरी खात्री नसेल तर मालच वेगळा करा. माप दोन इंच कमी, किनार साधी, तुमचं लेबल नाही. मग ‘त्याला १३० ला दिलात’ असं म्हणायला जुन्या व्यापाऱ्याला तोंड उरत नाही, कारण तो टॉवेल वेगळा आहे. त्यात सूतही कमी लागेल. आणखी एक गोष्ट पत्रात नाही ती विचारते: तो रोख देतोय का? जुना व्यापारी दीडशे देतो, पण दोन महिन्यांनी देत असेल, तर महिन्याला दीड टक्का व्याज धरलं तरी ते दीडशे आज साधारण १४५ च होतात. शिवाय बुडण्याची धास्ती. रोखीचे १३० आणि उधारीचे १५० यांत वीसचा फरक नसतो, पंधराच्या आसपास असतो. टॉवेलसोबत नाना उधारीही विकतात, आणि तिची किंमत टॉवेलच्या किंमतीत लपलेली आहे.

लेबलचं म्हणाले म्हणून थोडं विषयांतर. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेर विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो. गिऱ्हाइकाला दुकानात उभं राहून फरक कळत नाही, तो घरी दोन धुण्यांनंतर कळतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखवलं की खरं-खोटं ओळखता येत नसेल तर गिऱ्हाईक सरासरी भाव देतं, आणि त्या भावात चांगला माल करणाऱ्यालाच परवडेनासं होतं. २००१ चं नोबेल त्यांना मिळालं ते अशाच कामासाठी. तेव्हा रंग पक्का ठेवण्यात नाना जो जास्तीचा खर्च करतात, त्याचा मोबदला फक्त त्यांना ओळखणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच मिळतो. नवख्याला ते वीस पैशांनीही पटणार नाही.

तर मग खर्चाचा काही संबंधच नाही का? आहे, पण उशिराने. किंमत खर्चाच्या खाली राहिली तर आज कुणी शेड बंद करत नाही. हप्ता चालू असतो, लूम विकून भंगाराचा भाव येतो. बदलता खर्च सुटतोय तोवर माणूस रेटतो. वर्ष, दोन वर्षं. मग एकेकजण लूम विकतो, माल कमी येतो, आणि उरलेल्यांना भाव मिळू लागतो. लांबच्या काळात किंमत खर्चाच्या आसपास येते ती अशी, काही जणांना बाजाराबाहेर काढून. सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, यांचे भोंगे ऐकून घड्याळ लावणारी माणसं अजून आपल्या गल्लीत आहेत. त्या गिरण्यांनाही खर्च होता, आणि तो भरून निघेल एवढा भाव द्यायला बाजार बांधील नव्हता. नानांचं सूत्र हे खरं तर किंमतीचं सूत्र नाही. या धंद्यात टिकायचं की नाही, हे ठरवण्याचं ते सूत्र आहे, आणि त्या कामासाठी ते उत्तम आहे.

आता परीक्षा. तुझी गाडी कुठे अडते ते मला साधारण कळलंय, कारण मीही वर्षानुवर्षं फळ्यावर ‘क्ष वस्तू’ लिहून शिकवत होते. एकदा विडी वळणाऱ्या घरातली एक मुलगी उठून म्हणाली, मॅडम, क्ष म्हणजे नक्की काय विकतात? त्या दिवसापासून मी क्ष सोडला. तूही सोड.

‘प्रसंगाचे विश्लेषण’ म्हटलं की सगळ्यात जास्त मुलं एकाच ठिकाणी घसरतात. समज प्रश्न आहे: थंडीत चादरीचा भाव चढला आणि खपही वाढला, तर मागणीचा नियम मोडला का? निम्मा वर्ग हो लिहितो. भाव वाढला म्हणून खप वाढला नाही, थंडी आली म्हणून दोन्ही वाढले. अख्खी रेषा उजवीकडे सरकली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतही तेच: बाहेरगावची माणसं येतात, गिऱ्हाइकांची संख्याच वाढते, भाव आणि खप हातात हात घालून चढतात. नियम फक्त एवढंच सांगतो की बाकी सगळं होतं तसं राहिलं आणि फक्त भाव हलला तर काय होईल. तेव्हा प्रसंग वाचताना पेन्सिलने एकच खूण कर: आधी काय बदललं? वस्तूचा स्वतःचा भाव बदलला असेल तर त्याच रेषेवर सरक. हवा, पगार, सण, दुसऱ्या वस्तूचा भाव, सरकारी बंदी यांपैकी काही बदललं असेल तर रेषा सरकव. इंग्रजी पुस्तकात ‘डिमांड’ आणि ‘क्वांटिटी डिमांडेड’ हे दोन शब्द वेगळे आहेत ते याचसाठी; मराठीत आपण दोन्हीला मागणीच म्हणून मोकळे होतो आणि मग अडकतो. तेलुगूत काय म्हणतात ते नानांना विचार, कदाचित तिथे नीट शब्द असेल.

बाजारांचे प्रकार पाठ करताना व्याख्या रटू नकोस, प्रत्येकाला एक चेहरा दे. पूर्ण स्पर्धेच्या जवळ जाणारा यार्डातला कांदा, पण पूर्ण नव्हे, कारण विकणारे शेकडो असले तरी बोली लावणारे मोजके असतात. मक्तेदारी म्हणजे शेडचं लाईट बिल. महावितरणऐवजी दुसऱ्याकडून वीज घेतो असं तुम्ही म्हणू शकत नाही, आणि म्हणूनच तिचे दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. अल्पाधिकार तुझ्या खिशात आहे. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांचे वाढीव दर एकामागोमाग एक लागू झाले. विकणारे दोन-तीनच असले की प्रत्येकाचा डोळा दुसऱ्याकडे असतो. मक्तेदारीयुक्त स्पर्धेसाठी चेहरा शोधायला तुला घराबाहेर जायला नको.

हैदराबादवाल्याला फोन लागला तर नानांना आधी रोख की उधार ते विचारायला सांग, आणि मापाचं मग बोलू देत. आणि आकृती काढताना किंमत उभ्या अक्षावर घे, नग आडव्यावर. गणिताच्या सरांना ते उलटं वाटेल. ‘कारण’ आडव्या अक्षावर नि ‘परिणाम’ उभ्यावर अशी त्यांची शिस्त. त्यांचं बरोबर आहे, पण मार्शल यांनी किंमत उभ्या अक्षावर घेतली आणि तेव्हापासून कुणी ती खाली उतरवलेली नाही. दोन्ही अक्षांना नावं दे. त्याचे गुण असतात आणि निम्मी मुलं ते विसरतात.